फ्यूज उडत नाही, नुसता तापतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारीने पेट घेतल्याची बातमी आली की तिचे शेवटचे वाक्य ठरलेले असते : ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ हा अंदाज पुष्कळदा चुकतो आणि त्यातून गाडीमालक भलताच धडा घेतो. खरोखरचे शॉर्टसर्किट झाले आणि त्या लाइनला योग्य फ्यूज असला, तर लाइन क्षणात मरते. आग लागायला सवडच मिळत नाही. जुन्या फियाटमध्ये किंवा अँबेसिडरमध्ये वायर जळते ती बऱ्याचदा ढिल्या, गंजक्या जोडामुळे. आणि ढिला जोड फ्यूजला दिसत नाही.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण असे. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, पण घरगुती गाड्या उलट बाहेर येऊ लागल्या आहेत. कुर्ल्यात बनणाऱ्या फियाटला ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ मध्ये मिळाले. म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार त्या व्हिंटेज नोंदणीच्या वयात आल्या. आजोबांची गाडी शेडमधून काढायची, रंग, क्रोम, सीटकव्हर सगळे नवे करायचे आणि वायरिंग मात्र तेच ठेवायचे, असे सर्रास चालले आहे. वायरिंग दिसत नाही ना!

फ्यूज प्रवाह मोजतो. शेजारच्या जोडावर काय तापते आहे याचा त्याला पत्ता नसतो. हेडलाइटच्या लाइनमधून ८ अँपिअर जात आहेत आणि फ्यूज धरणाऱ्या चिमट्यावर हिरवा कळंक चढून ०.१ ओहमचा अडथळा झाला आहे, असे धरा. त्या एका ठिपक्यावर ०.८ व्होल्ट खर्ची पडतात आणि जवळजवळ साडेसहा वॅट उष्णता तयार होते. नंबरप्लेटचा दिवा ५ वॅटचा असतो. पाच मिनिटे चालू ठेवून त्याच्या काचेला बोट लावून पाहा. त्याहून जास्त उष्णता इथे नखाएवढ्या पितळी पट्टीत कोंडलेली असते. अडथळा वाढल्यामुळे प्रवाह कणभर कमीच होतो, म्हणजे फ्यूज उडायचे काही कारणच उरत नाही. तापून चिमट्यातला ताण जातो, ताण गेला की पकड सुटते, पकड सुटली की आणखी तापते. शेवटी फ्यूज बॉक्स ओघळतो, वायरचे प्लास्टिक कडक होऊन तडकते, आणि मग कुठेतरी उघडी वायर पत्र्याला टेकते. बातमीतले शॉर्टसर्किट ते हे. पण ते शेवटचे पान आहे, पहिले नव्हे.

अशा वेळी हमखास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘मोठा फ्यूज टाका’. फ्यूज बल्बसाठी किंवा हॉर्नसाठी नसतो, तो वायरसाठी असतो. १ स्क्वेअरच्या, म्हणजे १ चौरस मिलिमीटर जाडीच्या, वायरवर २५ चा फ्यूज घातला की फ्यूजच्या आधी वायर उडणार, एवढाच त्याचा अर्थ. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे किंवा तांब्याचा तुकडा टाकणे याबद्दल काय बोलावे? निदान घरी पोचल्यावर तो काढावा. तो वर्षानुवर्षे तसाच राहतो, ही खरी अडचण आहे.

मेलेला फ्यूज फेकण्याआधी उजेडात धरून पाहावा. काचेचा असेल तर तो सरळ सांगतो. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर थेट शॉर्ट. काच स्वच्छ आणि पट्टी मधोमध वितळून तुटलेली असेल तर लोड जास्त. पट्टी टोकाशी सुटली असेल, टोपीतला डाख (सोल्डर) वितळला असेल किंवा टोपी काळीनिळी पडली असेल, तर दोष फ्यूजमध्ये नाही, लोडमध्येही नाही. दोष चिमट्यात आहे. तिथे नवा फ्यूज घालून काही होणार नाही, तोही त्याच वाटेने जाईल.

फ्यूज घेताना दोन ठिकाणी फसगत होते. फियाटच्या जुन्या फ्यूज बॉक्समध्ये दोन्ही टोकांना निमुळते, उघड्या पट्टीचे फ्यूज बसतात. रंगाची खूण पक्की आहे : पिवळा ५, पांढरा ८, लाल १६, निळा २५ अँपिअर. घेताना चिनी मातीचे घ्यावेत. प्लास्टिकच्या अंगाचा फ्यूज तापला की मऊ होतो, चिमट्याच्या दाबाखाली किंचित आखूड होतो आणि पकड आपोआप ढिली पडते. दिसायला अगदी सारखा; किमतीतही फार फरक नसतो.

दुसरी फसगत अँबेसिडरवाल्यांची. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या काचेच्या फ्यूजवर ३५ छापलेले असते. हा आकडा तो कधी उडणार याचा आहे; सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता साधारण निम्मी, १७ अँपिअरच्या आसपास. अमेरिकी पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर मात्र सतत वाहण्याचा आकडा छापतात. दुकानदाराने ‘पस्तीस ना? हा घ्या पस्तीस’ म्हणून दुसऱ्या जातीचा दिला तर संरक्षण निम्म्यावर आले. लुकासचा मिळत नसेल तर १५ चा, फार तर २० चा घालावा. शिवाय दोन्हींची लांबी थोडी वेगळी असते; वाकड्या-तिकड्या बसवलेल्या फ्यूजची टोपी एकाच कडेवर टेकते आणि तिथेच तापते.

आता तपासणी. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. नुसता टेस्ट लॅम्प या कामाला उपयोगी नाही, कारण खराब जोडातूनही तो छान पेटतो. त्याला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. ओहमवर ठेवून मोजणेही व्यर्थ, ०.१ ओहम साध्या मीटरवर धड दिसत नाही. गंमत आहे ती चालू लोडवर व्होल्टेज मोजण्यात. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटर २ व्होल्ट डीसीवर. मीटरची एक काडी फ्यूजकडे येणाऱ्या वायरच्या थिंबलवर (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर), दुसरी निघणाऱ्या वायरच्या थिंबलवर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर छान. ०.२ च्या वर गेले तर काम काढावे. ०.५ दाखवत असेल तर त्या दिवशी रात्री गाडी काढू नये.

मग त्याच लाइनचे तुकडे पाडत जायचे : थिंबल ते चिमटा, चिमटा ते फ्यूजची टोपी, टोपी ते टोपी, आणि पलीकडे पुन्हा तसेच. ज्या दोन बिंदूंमध्ये आकडा उडी मारतो, तिथे रोग. फ्यूज स्वतः थोडे व्होल्टेज खातो आणि कोमट लागतो, ते ठीक. बोट ठेववत नसेल तर ठीक नाही.

इथे एक जागा अशी आहे की चांगले चांगले वायरमनही तिथे फसतात. चिमटे घासून चकचकीत केले, फ्यूज नवे घातले, तरी तापतेच. कारण चिमटा आणि मागचे टर्मिनल हे बहुधा एकाच पट्टीचे नसतात. बेकेलाइटच्या पाटीच्या पुढे चिमटा, मागे टर्मिनल, आणि दोन्हींना जोडणारा एक पोकळ रिव्हेट. तीस-चाळीस वर्षांत त्या रिव्हेटखाली ऑक्साइड साचते. पुढून ते दिसत नाही आणि पॉलिश पेपर तिथे पोचतही नाही. एक काडी चिमट्यावर आणि दुसरी मागच्या टर्मिनलवर ठेवली की मात्र लपत नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढायची. प्रत्येक वायरवर कागदी चिठ्ठी लावून बॉक्सचा फोटो काढायचा आणि बॉक्स सोडवून घ्यायचा. रिव्हेटचे डोके आणि शेजारची पट्टी घासून तांबूस-पिवळी करायची, फ्लक्स लावून ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने दोन्हींवर एकत्र डाख द्यायचा. आयर्न चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, बेकेलाइट तडकते. छोट्या आयर्नने जास्त वेळ तापवत बसण्यापेक्षा मोठ्याने झटकन काम बरे. रिव्हेट हाताने हलत असेल तर तो ड्रिलने काढून ३ किंवा ४ मिलिमीटरचा पितळी स्क्रू, नट आणि स्प्रिंग वॉशर बसवावा. लोखंडी स्क्रू नको.

चिमट्यांना ४०० नंबरचा पॉलिश पेपर, हलक्या हाताने. कानस लावू नये. पट्टीवरचा कथिलाचा थर गेला की उघडे पितळ पुन्हा लवकर काळे पडते. नंतर कॉन्टॅक्ट क्लीनर, चिमटा थोडा आत वाकवून घेणे आणि बोटाने पुसटशी पेट्रोलियम जेली. फ्यूज बसताना ‘टक’ आवाज करून घट्ट बसला पाहिजे, गोल फिरवताना जोर लागला पाहिजे. ज्या चिमट्यावर जांभळी-निळी झाक आली आहे त्याचा ताण गेला आहे. तो कितीही वाकवला तरी महिन्याभरात पुन्हा सैल. तो बदलावाच लागतो.

जोड सगळे चांगले निघाले आणि तरी तापत असेल तर लोडकडे वळावे. ६० वॅटचा हेडलाइट साडेतेरा व्होल्टवर साधारण ४.४ अँपिअर घेतो. त्याला स्वतंत्र ८ चा फ्यूज असेल तर तो निवांत असतो. त्याच जागी बाजारातला १०० वॅटचा बल्ब घातला की ७.४ अँपिअर, म्हणजे ८ चा फ्यूज सतत गळ्यापर्यंत. फ्यूजवर सतत चालणारा लोड त्याच्या आकड्याच्या पाऊण हिश्श्याच्या आत असावा, हा हिशेब लक्षात ठेवला तर पुष्कळ वाद मिटतात. बाकी लोड वाढवणारी मंडळी म्हणजे प्रेशर हॉर्न, नंतर बसवलेल्या एसीचा पंखा, म्युझिक सिस्टिम, आणि ज्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते तो वायपर. वायपरच्या गिअरमधले ग्रीस वाळून मेणासारखे झाले की मोटर अडखळते आणि नेहमीच्या तीन-चार अँपिअरच्या कैकपट ओढते. पावसाळ्यातच फ्यूज जातो, अशी तक्रार असेल तर आधी तो गिअर उघडावा.

लुकासच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे अँबेसिडरच्या घराण्यात, मुळात दोनच फ्यूज : एक कायम चालू लाइनचा, दुसरा चावीनंतरच्या लाइनचा. हेडलाइटला फ्यूजच नाही. सगळा प्रवाह लाइटच्या स्विचमधून आणि डिपरच्या स्विचमधून जातो, आणि तेच तापतात. तिथे रिले, म्हणजे थोड्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बसवणे हे एकच काम करायचे ठरवले तरी निम्मी चिंता मिटते. डिपरला (जवळच्या उजेडाला) एक आणि अपरला (लांबच्या उजेडाला) एक, असे दोन. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून अडीच स्क्वेअरची वायर, तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ चा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला. ८७ वरून हेडलाइटला अडीच स्क्वेअर. मूळची हेडलाइटची वायर आता फक्त ८६ ला, ८५ अर्थला, म्हणजे बॉडीच्या पत्र्याला. स्विचमधून आता नऊ अँपिअरऐवजी अँपिअरचा पाचवा हिस्सा जातो. डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळा फ्यूज ठेवला तर आणखी चांगले. खंबाटकीच्या उतारावर दोन्ही दिवे एकदम जाण्यापेक्षा एक गेलेला परवडला. उजेडही वाढतो. वाटेत ०.८ व्होल्ट गळत असेल तर दिव्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा उजेड कमी होतो आणि माणसे त्यावर उपाय म्हणून १०० चा बल्ब घालतात. व्हिंटेज नोंदणीसाठी मूळ रूपाची काळजी असणाऱ्यांनी रिले ग्रिलच्या मागे, नजरेआड बसवावेत. मूळ वायर कापावी लागत नाही.

रिले किंवा अल्टरनेटर आणण्याआधी गाडीची बॉडी कुठल्या टोकाला जोडली आहे ते पाहावे. साठच्या दशकापर्यंतच्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक अर्थला असू शकते. वरची सगळी मांडणी निगेटिव्ह अर्थ धरून आहे.

अर्थ हा विषय तर कायम दुर्लक्षित. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते. त्याचा बॉडीशी विजेचा संबंध एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीमुळे. ती पट्टी तुटली किंवा रंगकामात तिच्या बुडाखाली रंग गेला, की सेल्फ मारताना लागणारे दीडशे-दोनशे अँपिअर परतीची दुसरी वाट शोधतात. ती वाट म्हणजे चोकची नाहीतर ॲक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारल्यावर चोकची मूठ गरम लागली किंवा डॅशबोर्डखालून जळका वास आला, तर फ्यूज बॉक्स उघडत बसू नका. ती पट्टी पाहा. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आत हवे. नवा रंग मारलेल्या गाडीत हेडलाइट आणि टेललाइटच्या अर्थ स्क्रूखालचा रंग खरवडलेला आहे ना, हेही बघावे. सुंदर रंगकामाने किती दिवे मंद केले आहेत त्याला गणती नाही.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवणे चांगलेच, पण अर्धवट नको. लुकासचा सी-४० डायनामो २२ अँपिअरचा. त्या मापाच्या वायरमधून आणि ॲमीटरमधून (डॅशबोर्डवरच्या प्रवाह दाखवणाऱ्या काट्यातून) ४५ अँपिअरच्या अल्टरनेटरचा प्रवाह नेला, आणि त्यात बॅटरी उतरलेली असली, तर ॲमीटरच्या मागचे दोन नट चुलीसारखे तापतात. त्या लाइनला फ्यूज नसतो. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र ६ स्क्वेअरची वायर आणि बॅटरीच्या टोकाशी ६० चा फ्यूज, हे त्या कामाचाच भाग समजावे. गाडीच्या सबंध वायरिंगला जाणाऱ्या मुख्य वायरवरही बॅटरीजवळ ४० चा फ्यूज घालून घ्यावा. सेल्फच्या जाड केबलला मात्र फ्यूज लावायचा नाही.

वायर घराच्या फिटिंगची वापरू नये. तिच्यात जाड तारा थोड्या असतात, गाडीच्या थरथरीने त्या थिंबलपाशी एकेक करून तुटतात आणि उरलेल्या दोन तारा तापतात. मोटारीसाठीच्या वायरचे भारतीय मानक आयएस २४६५ आहे. रिळावर ते पाहून घ्यावे. स्वस्त किटमधल्या वायरची एक तार नखाने नाही, ब्लेडने खरवडावी. वरून पांढरी आणि आत तांबडी असेल तर ती कथिल चढवलेली, उत्तम. वरून तांबडी आणि आत पांढरी, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. ती परत करावी. जुन्या वायरचे टोक सोलल्यावर तांबे काळे दिसले तर चकाकते तांबे लागेपर्यंत मागे कापत जावे. काळ्या तांब्यावर डाख धरत नाही, थिंबलही धड बसत नाही. पिळून टेप मारलेले जोड दिसतील तिथे काढावेत.

आणि खरोखरच शॉर्ट असेल, नवा फ्यूज घालताक्षणी जात असेल, तर फ्यूजमागून फ्यूज जाळत बसू नये. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडावा. शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटतो, आणि लाइनमधून पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, त्यामुळे काही जळत नाही. मग एकेक उपकरण सोडवत जायचे, वायरिंगचा गठ्ठा हलवत जायचा. बल्ब मंदावला किंवा विझला की जागा सापडली. आधी शोधायच्या जागा : इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातले रबर बुश, डिकीच्या बिजागरीजवळचा वळसा, पायपुसण्याखालून मागे जाणारी वायर, आणि स्टिअरिंग कॉलमवर गिअरच्या दांडीला घासणारा भाग.

पेट्रोलचे रबरी पाइपही त्याच दिवशी बदलून टाकावेत. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुन्या धाटणीचे रबर त्यात टिकत नाही. कार्बोरेटरजवळ पाझरणारा पाइप असताना एक ठिणगीही जास्त झाली.

सगळे झाले की बॉनेट बंद करून, हेडलाइट चालू ठेवून अर्धा तास गाडी चालवावी. इंजिन बंद करावे, पण दिवे चालूच ठेवून लगेच प्रत्येक फ्यूजला आणि रिलेच्या मागच्या प्रत्येक थिंबलला बोट लावून पाहावे. हाच प्रकार पंधरा दिवसांनी पुन्हा, कारण नवे थिंबल आणि नट एकदा बसकण घेतात आणि पुन्हा आवळावे लागतात.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, पुणे